गावचा ड्रोन नागपुरात उडवायचा असेल तर: इसार घेण्याआधीपासून घरी परत येईपर्यंत

तुळशीचं लग्न झालं की आठवड्याला एक तरी फोन येतो. "भाऊ, नागपूरची ऑर्डर भेटली हाये. लॉन वर्धा रोडले हाये. ड्रोन उडवता येते ना तिथं?" मी आधी विचारतो, इसार घेतला का? घेतलेला असतो. ड्रोनचं वजन किती? माहीत नसतं. पायलट सर्टिफिकेट? "ते तर मोठ्या ड्रोनले लागते ना?"

आपण तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणारे लोक. शेताच्या बांधावर, शाळेच्या मैदानावर चार-पाच वर्षं उडवलं आणि कोणी अडवलं नाही, म्हणून नागपुरातही अडवणार नाहीत असं धरून चालतो. गाडं अडतं ते क्रमामुळे. आपण आधी पैसे घेतो, मग ड्रोन उचलतो आणि लॉनवर पोचल्यावर परवानगीची चौकशी करतो. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे पहिला प्रश्न जागेचा, दुसरा वजनाचा, तिसरा कागदांचा. पैशाची गोष्ट त्यानंतर. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत, ते मागेपुढे करू नका.

१. जागा तपासा, इसार घेण्याआधी

ग्राहकाकडून लॉनचं नाव घेऊ नका, मोबाइलवरचं लोकेशन मागा. नागपुरात एकाच नावाची दोन-तीन लॉन सापडतात आणि त्यांच्यात दहा किलोमीटरचं अंतर असू शकतं. ते लोकेशन डिजिटल स्कायच्या हवाई नकाशावर टाका. हा नकाशा केंद्र सरकारचा आहे आणि फुकट पाहता येतो. त्यात तीन रंग दिसतील.

हिरव्या झोनमध्ये जमिनीपासून ४०० फूट, म्हणजे १२० मीटरपर्यंत उडवायला झोनसाठी वेगळी परवानगी लागत नाही. पिवळ्यात एअर ट्रॅफिक कंट्रोलची परवानगी लागते. लाल झोनमध्ये केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि लग्नासाठी ती मिळेल या भरवशावर कोणी ऑर्डर घेऊ नये.

गावाकडच्या माणसाची चूक होते ती विमानतळाच्या अंतरात. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात हिरवा झोन फक्त २०० फुटांपर्यंत, म्हणजे ६० मीटरपर्यंत असतो. त्याच्या वर पिवळा सुरू होतो. ८ किलोमीटरच्या आतल्या जागेचा रंग नकाशावरच पाहा, अंदाज बांधू नका. अंतर हद्दीपासून मोजायचं असतं, प्रवासी जिथून आत जातात त्या इमारतीपासून नाही. धावपट्टी लांब असते, तिची भिंत तुमच्या लॉनच्या बरीच जवळ निघू शकते. सोनेगावचा विमानतळ शहराला लागूनच आहे आणि वर्धा रोडची बरीचशी लॉनं त्याच अंगाला आहेत. त्यामुळे नागपूरची ऑर्डर म्हटलं की आधी हा हिशेब.

एका लग्नात जागा एक नसते. हळद घरी, वरात रस्त्यावर, लग्न लॉनवर, आणि प्री-वेडिंग आणखी कुठे तरी. प्रत्येक जागा वेगळी तपासा. प्री-वेडिंगला बहुतेकांना फुटाळा हवा असतो. पाणी सुंदर दिसतं, मान्य. पण बाजूला वायुसेनानगर आहे, तिथे वायुसेनेच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. जोडप्याला हे सुरुवातीलाच सांगा, म्हणजे तलावाच्या काठी उभं राहून वाद घालावा लागणार नाही.

आणखी काही जागा डोक्यात ठेवा. सीताबर्डीचा किल्ला लष्कराकडे आहे. कामठीला छावणी आहे. अंबाझरीला आयुध निर्माणी आहे. महालमधल्या राष्ट्रीय स्वयंसेवक संघाच्या मुख्यालयाभोवती पोलिसांनी २०२४ मध्ये ड्रोनबंदीचा आदेश काढला होता. सिव्हिल लाइन्समध्ये विधानभवन आणि उच्च न्यायालयाचं खंडपीठ आहे. यांच्या शेजारचं लॉन असेल तर नकाशाचा रंग काहीही दिसो, पोलिसांना विचारल्याशिवाय हो म्हणू नका.

गावाकडे मोकळं रान आहे हाही भ्रमच. पुलगावला दारूगोळा भांडार आहे, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरला आणि भद्रावतीला आयुध निर्माण्या आहेत. ताडोबा, मेळघाट, पेंच, बोर, नवेगाव-नागझिरा इथे वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका. रिसॉर्ट वाघाच्या जंगलाला चिकटलेलं असलं की मालक "चालते हो" म्हणतो, कारण दंड त्याला भरावा लागत नाही. अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून १६ एप्रिल २०२५ पासून प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तिथल्या आसपासच्या जागा आधी पाहून ठेवल्या असतील तर त्या पाहण्यावर विसंबू नका, नव्याने पाहा.

*तपासणी:* प्रत्येक जागेच्या नकाशाचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढून त्या ऑर्डरच्या फोल्डरमध्ये ठेवा. लाल दिसलं तर ड्रोन वगळून भाव सांगा आणि वगळल्याचं बिलावर लिहा.

*सावध:* ड्रोनच्या ॲपने उडू दिलं म्हणजे परवानगी मिळाली असं नाही. ॲप कंपनीचं आहे, नकाशा सरकारचा. दोघांचे रंग जुळतीलच असं नाही, आणि पोलीस ॲप बघत नाहीत.

२. ड्रोन काट्यावर ठेवा

२५० ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंत मायक्रो, २ ते २५ किलो स्मॉल. लग्नाचे जवळपास सगळे ड्रोन पहिल्या दोन गटांतले असतात आणि सगळी गंमत त्या २५० ग्रॅमच्या रेषेवर आहे.

वजन उड्डाणाच्या वेळचं धरायचं: बॅटरी, पाती, मेमरी कार्ड, पात्यांचे संरक्षक, फिल्टर, सगळं लावून. खोक्यावर २४९ ग्रॅम छापलंय म्हणून तो नॅनोच राहतो असं नाही. छोट्या मिनी ड्रोनला जास्त वेळ चालणारी मोठी बॅटरी मिळते, ती लावली की काही मॉडेल २९० ग्रॅमच्या आसपास जातात. तो ड्रोन त्या क्षणी मायक्रो झाला आणि त्याचे सगळे नियम लागले. मी दोन लग्नं अशीच मोठी बॅटरी लावून केली होती. तिसऱ्या वेळी गावातल्या सोनाराच्या काट्यावर सहज ठेवून पाहिला आणि घाम फुटला. किराणा दुकानातला काटा दोन-पाच ग्रॅम इकडेतिकडे दाखवतो, सोनाराचा बरा.

नॅनोला पायलट सर्टिफिकेट, टाइप सर्टिफिकेट (म्हणजे त्या मॉडेलला मिळालेली सरकारी मान्यता) आणि सक्तीचा विमा यांतून सूट आहे. झोनमधून सूट नाही. लाल झोन नॅनोलाही लालच. "आपला नॅनो हाये, आपल्याले सगळं माफ" हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता नुसता हसतो.

मायक्रोचा खुलासा इथेच करतो. मायक्रो हौसेसाठी उडवला तर पायलट सर्टिफिकेट लागत नाही, व्यवसायासाठी उडवला तर लागतं. लग्नाचं बिल घेतलं की व्यवसाय झाला. बिलावर ड्रोनची ओळ न लिहिता "पॅकेजमध्ये फ्री" लिहिलं तरी फरक पडत नाही, पॅकेजचे पैसे घेतलेच ना.

३. कागद, आणि त्यांना लागणारा वेळ

या टप्प्याला महिने लागतात, म्हणून तो लग्नसराईत सुरू करून उपयोग नाही. पावसाळ्यात करा, तेव्हा तसंही काम कमी असतं.

अ. नोंदणी. ड्रोनला विशिष्ट ओळख क्रमांक, म्हणजे यूआयएन, घ्यावा लागतो. फी १०० रुपये. अडचण फीची नसते, ड्रोन कुठून आला याची असते. ९ फेब्रुवारी २०२२ पासून परदेशात तयार झालेले ड्रोन आयात करायला बंदी आहे. सूट आहे ती संशोधन, संरक्षण आणि सुरक्षेच्या कामांना. सुटे भाग आणता येतात. त्यामुळे त्यानंतर कोणी "दुबईवरून आणला, बिल नाही, पण पीस नवा" म्हणून विकत असेल तर तो ड्रोन नोंदवायला गेल्यावर अडकणार हे धरून चाला. दहा हजार स्वस्त मिळालेला ड्रोन कपाटात पडून राहतो.

जुना ड्रोन घेताना यूआयएन आपल्या नावावर करून घ्या. मोटारसायकलची आरसी नावावर करतो, तसंच. नोंदणी ड्रोनच्या क्रमांकासोबत त्याच्या रिमोटच्याही क्रमांकाला जोडलेली असते. रिमोट फुटलं आणि मित्राचं जोडलं, तर ते सरकारच्या ड्रोन पोर्टलवर कळवावं लागतं. हे फार कमी जणांना ठाऊक आहे.

ब. पायलट सर्टिफिकेट. ते डीजीसीएने, म्हणजे केंद्राच्या नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, मान्यता दिलेल्या प्रशिक्षण संस्थेतून मिळतं. वय १८ ते ६५, दहावी पास. मुदत १० वर्षं. पूर्वी पासपोर्ट मागायचे म्हणून गावातली बरीच मुलं मागे फिरली. सप्टेंबर २०२३ च्या दुरुस्तीनंतर ती अट गेली, सरकारी ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा चालतो. प्रवेश घेण्याआधी संस्थेचं नाव डीजीसीएच्या यादीत स्वतः पाहा. "कोर्स" आणि "सर्टिफिकेट" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तीन दिवस शिकवून रंगीत कागद हातात देणारे बरेच आहेत, आणि तो कागद भिंतीवरच शोभतो.

सर्टिफिकेट माणसाचं असतं, स्टुडिओचं नसतं. तुमच्याकडे ते आहे आणि रिमोट भाच्याच्या हातात आहे, तर ते विनापरवाना उड्डाण.

क. विमा. नॅनो सोडून सगळ्यांना थर्ड पार्टी विमा सक्तीचा, गाडीसारखाच. माझं मत विचाराल तर नॅनोवालेही घ्या. अडीचशे ग्रॅमचा दगड तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून एखाद्या आजीच्या डोक्यावर पडला तर कायद्याने सूट होती हे सांगून भागणार नाही. पॉलिसीत रात्रीच्या उड्डाणाबद्दल काय लिहिलंय तेही वाचा, आपलं निम्मं काम दिवे लागल्यावरच सुरू होतं.

*तपासणी:* यूआयएन, सर्टिफिकेट, विमा आणि खरेदीचं बिल, चारही कागद मोबाइलमध्ये आणि छापून, दोन्ही. लॉनवर नेटवर्क जातं, दोन हजार लोक एकदम व्हिडिओ पाठवत असतात.

४. पोलीस: परवानगी वेगळी, सूचना वेगळी

हिरव्या झोनमध्ये ४०० फुटांखाली उडवायला ड्रोन नियमांप्रमाणे पोलिसांची परवानगी लागत नाही. हे खरं आहे, आणि अर्धंच खरं आहे. शहरात पोलीस आयुक्त भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, म्हणजे जुन्या १४४ खाली, ठरावीक भागात ठरावीक काळासाठी ड्रोनबंदीचा आदेश काढू शकतात. तो मोडला तर गुन्हा भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली. याशिवाय ड्रोन नियमांतच तात्पुरत्या लाल झोनची सोय आहे. पोलीस अधीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारी एका वेळी ९६ तासांपर्यंत एखादा भाग लाल जाहीर करू शकतो. म्हणजे महिनाभर आधी हिरवी दिसलेली जागा लग्नाच्या दिवशी लाल असू शकते.

नागपुरात याचा सगळ्यात मोठा फटका डिसेंबरमध्ये बसतो. हिवाळी अधिवेशन आणि लग्नसराई एकाच वेळी. माझी एक ऑर्डर अशीच गेली. ऑगस्टमध्ये जागा पाहिली होती, लग्नाच्या तीन दिवस आधी पोलीस ठाण्यात पत्र द्यायला गेलो तेव्हा बंदोबस्ताचं कळलं. ड्रोनचे पैसे परत केले आणि वर नवरीच्या मामाचं बोलणं खाल्लं. तेव्हापासून डिसेंबरच्या नागपूर ऑर्डरच्या करारात एक ओळ असते: शासकीय बंदी आल्यास ड्रोन होणार नाही, तेवढी रक्कम परत. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला दीक्षाभूमीच्या परिसरात, किंवा मोठा नेता शहरात असेल तेव्हा, हीच काळजी.

म्हणून सात-आठ दिवस आधी ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीत लॉन आहे तिथे पत्र द्या. बंदीचा आदेश लागू असेल तर ते परवानगीसाठीचा अर्ज होईल, नसेल तर माहितीचं पत्र. पत्रात एवढं हवं: तारीख, वेळ कधीपासून कधीपर्यंत, जागेचा पत्ता, कमाल उंची, ड्रोनचं वजन आणि यूआयएन, पायलटचं नाव आणि सर्टिफिकेट क्रमांक, दिवसा की रात्री, आणि ग्राहकाच्या लग्नपत्रिकेची प्रत. पत्रिका जोडली की ठाण्यातला माणूस जरा नरम होतो, हा अनुभव. पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट.

*सावध:* "साहेबाले फोन केला होता" हा पुरावा नाही. साहेबांची ड्यूटी रात्री आठला बदलते.

गावातल्या लग्नातही हे करा, फक्त पत्र पोलीस पाटलाकडे आणि सरपंचांकडे. रात्री गावावर दिवे लुकलुकत फिरले की चोर आल्याची आवई उठते आणि लोक काठ्या घेऊन बाहेर पडतात. त्यांची चूक नाही, त्यांना कोणी सांगितलेलं नसतं.

५. आदल्या रात्री

बॅटऱ्या चार्ज करणं सगळ्यांना आठवतं. बाकी हे करा.

नकाशा पुन्हा उघडा. उड्डाणाआधी पोर्टलवर बंदी आहे का हे पाहणं नियमानेच पायलटवर बंधनकारक आहे.

कमाल उंची ॲपमध्ये बांधून टाका, मीटरमध्ये. १२० किंवा ६०, जागेप्रमाणे. ॲप दाखवतं ती उंची उड्डाणाच्या जागेपासूनची असते. तुम्ही पाच मजली इमारतीच्या गच्चीवरून उडवलं तर पडद्यावर शून्य असताना ड्रोन जमिनीपासून १५ मीटर वर आहे. ६० मीटरच्या पट्ट्यात ॲपमध्ये ४५ च टाका. गावात गच्ची एक मजल्याची, म्हणून हा हिशेब आपल्या अंगवळणी पडलेला नसतो.

घरी परत येण्याची उंची, जिला सगळे आरटीएच म्हणतात, ती पाहा. गावात ३० मीटर पुरते, लिंबाचं झाड आणि विजेचा खांब चुकतो. शहरात बारा मजली इमारत त्याहून उंच असते. सिग्नल तुटला की ड्रोन सरळ तिच्यात जाईल. आजूबाजूची सगळ्यात उंच वस्तू पाहून तिच्यापेक्षा १० मीटर जास्त ठेवा, पण कायद्याच्या मर्यादेच्या आत. हे दोन्ही जमत नसेल तर त्या जागेवरून उडवूच नका.

६. जागेवर, वरात येण्याआधी

एक तास आधी पोचा. लॉनच्या व्यवस्थापकाची हो घ्या. मग वर पाहत एक चक्कर मारा: विजेच्या तारा, रोषणाईच्या माळा, मोबाइल टॉवर, मेट्रोचा पूल. जानेवारीत पतंगाचा मांजाही, तो पात्यात गुंतला की खेळ संपला. आतषबाजी कधी आणि कुठून होणार ते विचारा. वर जाणाऱ्या फटाक्याशी माझी एकदा अर्ध्या मीटरने चुकामूक झाली आहे.

उड्डाणाची जागा गर्दीपासून दूर, दोरी बांधून घेतलेली. गाडीच्या बॉनेटवर किंवा सळया घातलेल्या स्लॅबवर ड्रोन ठेवून सुरू केला की होकायंत्र गोंधळतं. जमिनीवर लाकडी पाट ठेवा. जीपीएस पक्का होऊन परतीची जागा नोंदल्याचा संदेश आल्याशिवाय उचलू नका. घाई इथेच होते, कारण नवरदेव घोडीवर बसलेला असतो आणि बॅन्डवाला ओरडत असतो.

एप्रिल-मेची लग्नं असतील तर उन्हाचं बघा. बरेचसे छोटे ड्रोन ४० अंशांपर्यंतच चालायला बनवलेले असतात आणि आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो. बॅटऱ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका, ओल्या फडक्यातही गुंडाळू नका. सावलीत, कोरड्या थर्मोकोलच्या डब्यात ठेवा.

७. उडवताना

एक माणूस रिमोटवर, दुसरा नुसता आकाशाकडे पाहायला. दुसरा मिळत नसेल तर भाच्याला हे काम द्या, रिमोट नको. ड्रोन कायम डोळ्यांना दिसला पाहिजे, पडद्यावर दिसणं वेगळं.

गर्दीच्या डोक्यावर नेऊ नका. वरातीचा टॉप शॉट सगळ्यांना हवा असतो, तो बाजूने तिरका घ्या. थोडा उंचावरून घेतला तर गर्दी जास्तच दिसते. शेजारच्या फ्लॅटच्या खिडक्या आणि गच्च्या चौकटीत येऊ देऊ नका. तक्रारी तिथूनच येतात आणि त्या रास्त असतात.

वरातीसोबत चालत असाल तर परतीची जागा दर टप्प्याला नव्याने नोंदवा. नाही तर सिग्नल तुटल्यावर ड्रोन एक किलोमीटर मागे, वरात निघाली त्या चौकात उतरायला जाईल. हेलिकॉप्टर किंवा विमानाचा आवाज आला की लगेच खाली. आकाशात माणसं असलेल्या यानाला वाट द्यायची, शॉट अर्धा राहिला तरी. बॅटरी ३० टक्क्यांवर आली की उतरवा.

पोलीस आले तर आधी सांगा, "साहेब, उतरवतो, मग कागद दाखवतो." ड्रोन हवेत ठेवून बोलायला जाऊ नका, आणि रिमोट दुसऱ्याच्या हातात देऊन तर मुळीच नाही. उतरवा, बॅटरी काढा, मग फाइल उघडा.

८. उतरवल्यावर

नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण अपघात झाला तर लपवणं हा त्यावरचा उपाय नाही. उड्डाणात अपघात झाला तर पायलटने ४८ तासांत पोर्टलवर कळवायचं असतं. ड्रोन हरवला किंवा कायमचा मोडला तर नोंदणी रद्द करून घ्या, नाही तर तो कोणाच्या हातात पडला आणि कुठे उडाला याचा पत्ता तुमच्या नावावर निघेल.

ॲपमधला उड्डाणाचा लॉग त्या ऑर्डरच्या फोल्डरमध्ये टाका, नकाशाच्या स्क्रीनशॉटशेजारी आणि पोलिसांच्या पोचेसोबत. मी हे वर्षभर ठेवतो. एकदा लग्नानंतर दोन महिन्यांनी ठाण्यातून फोन आला होता, त्या रात्री त्याच भागात कोणी तरी दुसऱ्याने ड्रोन उडवला होता. लॉगमध्ये माझी वेळ आणि उंची होती. दहा मिनिटांत बोलणं संपलं आणि मी एडिटिंगला बसलो.